चपला तठीच राह्यल्या

धुळ्याच्या बाहेर, मुंबई-आग्रा रोडला लागून असलेल्या एका गॅरेजच्या आवारात आईने चपला काढल्या आणि विकत घ्यायची म्हणून आम्ही बघायला गेलो होतो त्या मोटरहोममध्ये ती चढली. घडलं ते एवढंच. पण तीन आठवडे झाले, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्या गाडीचं दार उघडलं की खालून एक लोखंडी पायरी आपोआप सरकत बाहेर येते. मी मागच्या चाकापाशी वाकून टायर बघत होतो, म्हणून मला नीट दिसलं. आई पायरीपाशी थांबली, दाराची दांडी धरली, आधी उजवी चप्पल काढली, मग डावी. मग पायानेच सरकवून दोन्ही जोडीने लावल्या, पदर सावरला आणि आत गेली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने गाडीत पाऊल टाकलंच नव्हतं, ती कुणाच्या तरी घरात शिरत होती. आत ओटा दिसत होता, पलंग दिसत होता, खिडकीला पडदा होता. अशा ठिकाणी पायातलं बाहेर ठेवायचं, हे तिच्या पायांना मेंदूपेक्षा आधी कळतं.

मग गाडी चालवून बघायचं ठरलं. धाकटा भाऊ ड्रायव्हरशेजारी बसला, मी पुढच्या दाराने चढून त्याच्या मागे, आई मधल्या सोफ्यावर. लळिंगच्या किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत गेलो. चढावर इंजिन कसं ओढतं, गिअर कुठे अडतो, ब्रेक दाबल्यावर मागचं कपाट खडखडतं का, असं सगळं ऐकत होतो. चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली, पायरी सरकली, आणि आईने खाली टाकलेला पाय चटकन वर घेतला. चैत्रातली दुपार. जमीन तव्यासारखी.

"अरे, माह्या चपला तठीच राह्यल्या!"

आम्ही हसलो. तीही हसली. चहा गाडीतच आणून दिला, तिने तो खिडकीपाशी बसून घेतला. अर्ध्या तासाने परत आवारात शिरलो तेव्हा मी पुढे होतो, काचेतून मला समोरचं सगळं दिसत होतं. गाडी कित्येक महिने एकाच जागी उभी असावी. तिच्या खालच्या मातीचा एक लांबट चौकोन आजूबाजूपेक्षा काळपट होता, मधे तेलाचे डाग, कडेने वाळलेलं गवत. आणि त्या रिकाम्या चौकोनाच्या तोंडाशी आईच्या चपला, जोडीने, आतल्या बाजूला तोंड करून. जणू माणूस आत गेलंय आणि आता येईल. फक्त आत असं काही उरलंच नव्हतं.

परतीच्या रस्त्यावर आमच्या नेहमीच्या गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. पारोळा गेलं, एरंडोल आलं. तेव्हा आई खिडकीतून बाहेर बघतच म्हणाली, "आपलं बी असंच झालं होतं ना रे."

धाकट्याला कळलं नाही. तो तेव्हा जेमतेम दीड वर्षाचा होता.

ही मोटरहोम घ्यायची कल्पना धाकट्याची. केळीचं काही खरं राहिलं नाही, एक वादळ येतं आणि उभी बाग आडवी होते, तेव्हा शेतीला जोड हवी, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. राज्य सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे घोळतंय. नवी बांधून घ्यायची तर आमच्या ऐपतीबाहेर, म्हणून वापरलेली. स्वतः चालवायची नाही, भाड्याने द्यायची. अजिंठ्याला येणारी माणसं, तोरणमाळला जाणारी, मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या घोडेबाजारात फोटो काढायला येणारी. या सगळ्यांना खानदेशात धड राहायची सोय हवी असते आणि ती मोजक्याच गावांत मिळते, असा त्याचा हिशोब. तोरणमाळचा सातपायरी घाट एवढ्या लांब गाडीने चढवायचा म्हणजे ड्रायव्हर मुरलेला लागेल, हे मी त्याला सांगितलं. अजिंठ्यालाही गाडी फर्दापूरच्या फाट्यावरच लावावी लागते, पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने, आणि सोमवारी लेणी बंद. त्याने ते वहीत लिहून घेतलं. तो सगळं वहीत लिहितो. त्या वहीवर माझा जीव आहे.

मी दीपनगरच्या वीज केंद्रात तीस वर्षं काढली, त्यामुळे यंत्र तपासायला मला नेलं जातं आणि मलाही ते आवडतं. वापरलेली मोटरहोम घेताना गाडी निम्मी आणि घर निम्मं तपासावं लागतं, आणि दोघांची दुखणी वेगळी असतात. किलोमीटर कमी पडलेत म्हणून हुरळून जायचं नाही. ही जेमतेम अकरा हजार चाललेली होती, पण उभ्या गाडीचं रबर चालत्या गाडीपेक्षा लवकर मरतं. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो, त्यावर 1817 होतं. म्हणजे 2017 सालचा अठरावा आठवडा. नक्षी नव्यासारखी खोल आणि कडेला बारीक भेगा. सहाही टायर बदलावे लागणार. मग छत. छताला हवेसाठी जी झडप असते तिच्या चारही बाजूंचं प्लाय मी अंगठ्याने दाबत गेलो. तीन बाजू कडक, चौथ्या बाजूला अंगठा किंचित आत गेला. तिथे नाक नेलं तर जुन्या गोधडीच्या पेटीसारखा वास. पावसाचं पाणी मुरलंय. गॅसची नळी कडक झालेली. छतावर एसी एक टनाचा, आणि "रातभर चालतो" असं आम्हाला सांगण्यात आलं. मी बॅटऱ्या बघितल्या. 150 अँपिअर-अवरच्या दोन, बारा व्होल्टच्या. गुणाकार केला तर 3600 वॉट-तास, त्यातले निम्मेच काढायचे, नाहीतर बॅटरी बसते. तेवढ्यावर हा एसी फार तर दीड तास चालेल. आमच्याकडे मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या वर जातो आणि रात्री अकरालाही भिंती गरम असतात; इथे तर भिंती पत्र्याच्या. म्हणजे मुक्काम जिथे कराल तिथे विजेची जोडणी हवीच, किंवा एखादा दाट लिंब.

कागदांचं आणखी वेगळंच. गाडी इंदूरची, मध्यप्रदेश पासिंग. तिकडचा नाहरकत दाखला आणायचा, इथे नव्याने नोंदणी करायची, महाराष्ट्राचा कर भरायचा. हे सगळं करता येतं, वेळ जातो इतकंच. खरी अडचण आरसीत होती. आत पलंग, ओटा, संडास-बाथरूम असं अख्खं घर आणि आरसीवर अजून साधी बसच. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाखाली असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि आरसीवर 'कॅम्पर व्हॅन' असा वर्ग चढल्याशिवाय उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच पान उघडणार. शिवाय भाड्याने द्यायची तर पांढऱ्या पाटीवर चालणार नाही. पिवळी पाटी, परमिट, फिटनेस, सगळं लागेल. किंमत सांगितली 28 लाख. धाकट्याने ते सगळं लिहून घेतलं आणि पेनाचं टोक दाताखाली धरून बसून राहिला.

आम्ही हे करत होतो तेव्हा आई आत एकटीच फिरत होती.

आधी मला वाटलं ती ओटा बघत असेल. दोन शेगड्यांचा ओटा, बुटकी मोरी, खाली मॅग्नेटने बंद होणारे कप्पे, गाडी वळली तरी ताटं सरकू नयेत म्हणून फळीला लावलेले बोटभर कठडे. बाईमाणसाने हरखून जावं असं ते होतं. पण ती तिथे नव्हती. ती मागच्या अरुंद दारात उभी होती. अडीच बाय तीन फुटांचं संडास-बाथरूम. पांढरं भांडं, भिंतीला चिकटलेलं हातभर बेसिन, वर शॉवर. तिने नळ फिरवला, पाण्याची धार आली, तिने हात धुतले, पदराला पुसले, आणि पुन्हा फिरवून बघितला. मग दाराची कडी आतून लावून बघितली, काढली, परत लावली. मी बाहेर उभा होतो. कडी निघाली तेव्हा ती म्हणाली, "हे पह्यले असतं तं."

पुढचं ती बोलली नाही आणि मला विचारायची गरज पडली नाही. माझ्या लहानपणी आई एसटीने माहेरी निघायची त्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायची नाही. आम्हाला प्यायला द्यायची, स्वतः ओठ ओले करायची. स्टँडवरच्या त्या जागेत पाय ठेवण्यासारखं काही नसायचं, आणि बस मधे थांबली तर पुरुष भराभर झाडाआड जाऊन यायचे आणि बायका खिडकीतून समोर बघत बसायच्या. मला वाटायचं हिला तहान लागत नाही. खरंच वाटायचं. चैत्रात आमच्याकडून वणीच्या गडाला पायी दिंड्या जातात, तिने ती वारी चार वेळा केली; सोबत ट्रॅक्टरची ट्रॉली, ट्रॉलीत गोधड्या, पिठाचे डबे, कळण्याची भाकरी, ठेचा, चूल पेटवायला तुराट्या. सगळं घर बरोबर असायचं, फक्त हीच एक गोष्ट नसायची. बायका पहाटे तीनला उठायच्या ते देवीसाठी, असं आम्ही समजत होतो. अंधारात आडोसा मिळतो, हे कारण कोणी उच्चारलं नाही. मोटरहोमला लोक लक्झरी म्हणतात, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे लेदरचा सोफा आणि रंग बदलणारे दिवे असतात. मला आता तो शब्द ऐकला की आतून लागणारी कडी आठवते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला प्रवासात पोटभर पाणी पिता येणं. धाकट्याने भाड्याची जाहिरात काढली तर सगळ्यात वर हेच लिही, असं मी त्याला सांगणार आहे.

फिरतं घर खानदेशाला नवीन आहे असंही नाही. साक्रीकडचे ठेलारी मेंढरं घेऊन निघतात तेव्हा घोड्याच्या पाठीवर त्यांचं घर असतं: उलटी टाकलेली बाज, तिच्या पायांत अडकवलेली भांडी, कोकरू, कोंबडी, कधी एखादं झोपलेलं पोर. दिवाळीच्या पुढेमागे चाळीसगाव-पारोळ्याकडून ऊसतोडीला गाड्या निघतात, त्यातही कोपीचं, म्हणजे झोपडीचं, सामान, पाट्या, चूल, म्हातारी, सगळं रचलेलं असतं. मी नोकरीवर जाता-येता कितीतरी वर्षं हे बघितलं. त्यांना कोणी विचारलं नाही की वाटेत पाणी भरायची सोय आहे का, सांडपाणी कुठे सोडता. आता आम्ही 120 लिटरची पाण्याची टाकी कुठे भरायची आणि मैल्याची पेटी कुठे रिकामी करायची याची चौकशी करतोय, हॉटेलवाल्यांना फोन करतोय, आणि ते बरोबरच आहे, करायलाच हवी. पण त्या वेळी ते घोडे माझ्या मनातून जात नाहीत.

आणि एकदा आमचं घरही चाकांवर गेलं होतं.

हतनूरचं धरण व्हायच्या आधी आमचं गाव तापीच्या काठाला होतं, एदलाबादकडे. मुक्ताईनगर हे नाव तेव्हा अजून पडायचं होतं. बुडित क्षेत्रात गाव उठलं. मी चौथीत होतो. नव्या जागेवर सरकारने प्लॉट आखून दिले, पण घरं ज्याची त्याने बांधायची. मग माणसांनी जुनी घरं उकलायला घेतली. आमचं धाब्याचं घर होतं. वरची पांढरी माती आधी खोऱ्याने ओढून खाली टाकली, मग किलचन काढलं, मग कड्या, मग सागाचे सर, मग खांब. प्रत्येक लाकडावर आबांनी गेरूने खुणा केल्या होत्या, कुठलं कुठे बसायचं ते कळावं म्हणून. नऊ बैलगाड्या लागल्या. शेवटच्या गाडीत दाराची चौकट आणि उंबरा होता. उंबरा काढताना आजीने त्याला हळदकुंकू लावलं आणि तो जमिनीवर टेकू दिला नाही; दोन माणसांनी उचलला तो थेट गाडीत.

त्या सकाळचं मला एक पक्कं आठवतं. छत नाही, दार नाही, भिंती कमरेएवढ्या उरलेल्या, सगळीकडे धुळीचा लोट, आणि आई जमीन सारवत होती. शेणाचा गोळा, पाण्याची बादली, हाताचे अर्धवर्तुळाकार फटके, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. वर मोकळं आभाळ. शेजारची बाई म्हणाली, "आता कशाले व, पाणीच तं येणार हाये." आई काही बोलली नाही, चुलीपाशी आली, चुलीभोवतीही सारवलं. चूल तिने नेली नाही, मातीची चूल उचलता येत नाही. मग हात धुतले आणि धाकट्याला कडेवर घेऊन गाडीत बसली. मी मागे बघत होतो. गाडी वळेपर्यंत तो ओला हिरवट चौकोन दिसत होता, उन्हात कडेकडेने वाळत चाललेला. घर पुढच्या नऊ गाड्यांमध्ये होतं आणि घराची जागा मागे होती.

एरंडोलच्या रस्त्यावर ती म्हणाली ते हेच.

त्या रात्री घरी आल्यावर मी दारात थांबलो. आमच्या आताच्या घराला खाली फरशी आहे, वर स्लॅब आहे, पण उंबरा तोच आहे. मधोमध झिजून बशीसारखा खोल झालेला, दोन टोकांना लोखंडी पट्ट्या. आईच्या चपला नेहमीसारख्या त्याच्या बाहेर, आत तोंड करून. रोज बघतो, त्या दिवशी बघितल्या. त्या मोटरहोमला उंबरा नाही. पायरी आहे, ती बटणावर आत जाते आणि मग बाहेरचं बाहेर राहतं. यात गाडी बनवणाऱ्याची चूक नाही. ज्याने ती बनवून घेतली तो इंदूरचा माणूस, आम्हाला कळलं ते असं की आईवडिलांना नर्मदेच्या परिक्रमेला न्यायला त्याने ती बांधली. एक परिक्रमा झाली. ओट्यावरच्या कपाटाच्या आतल्या बाजूला कुंकवाची पाच बोटं उमटलेली मी बघितली, फिकी पडलेली, मुद्दाम न पुसलेली. त्यांनीही कुठेतरी हात टेकवायला जागा शोधली होती. त्यांनी चपला कुठे ठेवल्या असतील, हे विचारायला मला आता तो माणूस भेटायला हवा होता.

मला ही गाडी घ्यायची आहे की नाही, हे मी अजून धाकट्याला सांगितलेलं नाही. कधी वाटतं 28 लाखांत केळीला चांगली ठिबक होईल, एक पक्कं गोदाम होईल, ते आपल्या जागेवर उभं राहील. मुरलेलं प्लाय, सहा टायर, बॅटऱ्या, आरसीचा घोळ, हे सगळं डोळ्यांपुढे येतं. कधी वाटतं, आईच्या हातात अजून चार-पाच वर्षं आहेत, कदाचित. तिला एकदा तरी पाणी पीत पीत वणीला नेऊ. उन्हाळ्यात हतनूरचं पाणी उतरतं तेव्हा बॅकवॉटरच्या काठाला गाडी लावू, तिथे आमच्या गावाच्या मारुतीचा ओटा वर येतो. एक रात्र तिथे राहू. मग वाटतं, नको. तिने तो चौकोन एकदा मागे सोडलाय, पुन्हा कशाला दाखवायचा. आणि पुन्हा वाटतं, हे ठरवणारा मी कोण, तिला विचारू. अजून विचारलं नाही.

तिने मात्र परवा आपणहून विचारलं. शेवया वाळत घालत होती, धाकटा फोनवर गॅरेजवाल्याशी आरसीबद्दल वाद घालत होता. आरसीवर वर्ग बदलून मिळाल्याशिवाय इसार देणार नाही, असं तो निक्षून सांगत होता आणि ते ऐकून मला बरं वाटत होतं. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "गाडी घ्या नाहीतं नका घेऊ. पण घेतली तं चपला कुठी ठेवाच्या त्याच्यात?"

धाकटा हसला नाही या वेळी. त्याने वही काढली. पायरीच्या आत, डाव्या हाताला, गॅसच्या टाकीच्या कप्प्याखाली थोडी मोकळी जागा आहे असं त्याला आठवत होतं. तिथे पत्र्याचा एक खण करून घेता येईल का, दाराबरोबर आत येईल असा. किती मोठा लागेल? मी टेप घेऊन दारात गेलो, उंबऱ्यावर बसलो आणि आईच्या चपला मोजल्या. लांबी साडेनऊ इंच. दोन्ही शेजारी ठेवल्या तर रुंदी साडेसात.

"आठ लिही," मी आतून वाकून बघणाऱ्या धाकट्याला म्हणालो. त्याने लिहिलं.